वितळलेली भिंत

चोरी म्हटली म्हणजे वस्तु जागची नाहींशी होणें, अशी सर्वसामान्य समजूत आहे. पेटींतील दागिना गेला, गोठ्यांतील गाय गेली, म्हणजे चोरी झाली. आणि सकाळीं उठून रिकामी जागा पाहिली कीं धन्याला ती कळते. माहितीची चोरी या जातीची नव्हे. एखाद्याचें पत्र कोणी दिव्यापुढें धरून लिफाफ्याबाहेरूनच वाचलें, तर पत्र जेथल्या तेथें राहतें, वरची लाख फुटत नाहीं, आणि धन्याला तें वाचलें गेल्याचा पत्ताहि लागत नाहीं. संगणकाच्या व्यवहारांत या दुसऱ्या जातीच्या चोरीला वाव देणारे जे दोष असतात, त्यांना माहिती उघड करणारे दोष म्हणतात. त्यांपैकीं सर्वांत गाजलेला आणि विचार करूं जातां सर्वांत चमत्कारिक असा एक दोष ३ जानेवारी २०१८ रोजीं जगापुढें मांडला गेला. त्याचें नांव मेल्टडाउन, म्हणजे वितळून जाणें. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

प्रथम जी भिंत वितळली ती कोणती, हें पाहिलें पाहिजे. संगणकावर एका वेळीं एकच काम चालतें असें दिसत असलें तरी वस्तुस्थिति तशी नसते. कोणी पत्र लिहीत असतो. त्याच वेळीं मागें गाणें चालू असतें, तिसरीकडे बँकेचा हिशेब उघडा असतो, आणि धन्याला ज्यांचीं नांवेंहि ठाऊक नाहींत अशीं पन्नास किरकोळ कामें पडद्याआड चाललेलीं असतात. यांतील प्रत्येक कामाचा एक आज्ञासंच असतो. त्याला प्रोग्राम म्हणतात. हे सारे प्रोग्राम यंत्राच्या एकाच स्मृतींत, जणूं एकाच मोठ्या पाटीच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत, आपापलें लेखन करीत असतात. त्यांतला सज्जन कोण आणि लबाड कोण, हें यंत्राला कळत नाहीं. म्हणून कोणीं कोणाच्या कोपऱ्यांत डोकावूं नये यासाठीं सर्वांच्या वर एक कारभारी नेमलेला असतो. विंडोज, लिनक्स, मॅकओएस हीं या कारभाऱ्यांचीं प्रसिद्ध नांवें. कारभाऱ्याचें जें अंतरंग, जेथें सर्व अधिकार एकवटलेले असतात, त्याला कर्नल अशी संज्ञा आहे. मराठींत त्याला गाभा म्हणावें. दाण्यांतल्या गरालाहि इंग्रजींत हाच शब्द आहे.

गाभा आणि इतर प्रोग्राम यांच्यामधील मर्यादा केवळ कागदावरची नसते. संगणकाचें जें हिशेब करणारें इंद्रिय, प्रोसेसर, त्याच्या घडणींतच ती कोरलेली असते. स्मृतीचीं पानें पाडलेलीं असतात, बहुधा प्रत्येकीं ४०९६ बाइटांचीं, आणि बाइट म्हणजे इंग्रजी एक अक्षर मावेल एवढी जागा. प्रत्येक पानाच्या नोंदीपुढें एक खूण असते: हें पान सर्वांना मोकळें, कीं केवळ गाभ्याचें. सामान्य प्रोग्रामानें गाभ्याच्या पानाला हात लावला कीं प्रोसेसर त्याला जागच्या जागीं अडवितो आणि गाभ्याला वर्दी देतो. त्यानंतर बहुधा त्या प्रोग्रामाचा तेथेंच शेवट होतो. संगणकाच्या सुरक्षिततेची सारी इमारत या एका खुणेवर उभी आहे असें म्हटलें तरी अतिशयोक्ति होणार नाहीं.

येथें एक गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व अनर्थ तिच्याशीं निगडित आहे. गाभ्याचीं पानें प्रोग्रामापासून कोठें दूर ठेवलेलीं नसत. प्रत्येक प्रोग्रामाला स्मृतीचा जो नकाशा दिलेला असतो, त्याच नकाशांत गाभ्याचा प्रदेशहि दाखविलेला असे. फक्त त्यावर “प्रवेश नाहीं” ही खूण. याला कारण सोय. प्रोग्रामाला दर घडीस गाभ्याकडे कांहीं ना कांहीं मागावें लागतें, फाइल उघडा म्हणून, तारेवरून मजकूर पाठवा म्हणून, आणि प्रत्येक वेळीं नकाशा बदलावयाचा म्हटलें तर वेळ जातो. शिवाय लिनक्स व मॅकओएस यांच्या गाभ्यांत यंत्राची झाडून सारी स्मृति एका सलग पट्ट्यांत मांडून ठेवलेली होती. विंडोजमध्येंहि तिचा मोठा भाग तसाच मांडलेला असे. म्हणजे गाभा वाचतां आला कीं त्यांतून शेजारच्या प्रत्येक प्रोग्रामाची पाटी वाचतां येणार. बँकेचा परवलीचा शब्द दुसऱ्या कोपऱ्यांत लिहिलेला असला तरी तो या पट्ट्यांत सांपडणार. दिवाणखान्यांतच तिजोरी ठेवावी आणि कुलूप मजबूत आहे म्हणून निश्चिंत असावें, तसा हा प्रकार होता. कुलूप मजबूत होतें हेंहि खरें.

आतां प्रोसेसराच्या स्वभावाकडे वळूं या. आजचा प्रोसेसर सेकंदाला तीन अब्ज ठोके टाकतो, आणि एका ठोक्यांत एकाहून अधिक आज्ञा पुऱ्या करूं शकतो. मुख्य स्मृति मात्र इतकी चपळ नाहीं. तिच्याकडून एक बाइट मागवावा तर शेंदोनशें ठोके वाट पाहावी लागते. या विलंबावर दोन उपाय योजलेले आहेत. पहिला उपाय म्हणजे प्रोसेसराच्या अगदीं जवळ एक लहानशी, महागडी, शीघ्र स्मृति ठेवणें. तिला कॅश म्हणतात. एकदां मागविलेली वस्तु कांहीं काळ तेथें राहते, आणि पुन्हां लागली तर चारपांच ठोक्यांत हातीं येते. दुसरा उपाय स्वयंपाकघरांत प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. डाळ शिजेपर्यंत ती चुलीपुढें हात बांधून बसत नाहीं. तेवढ्यांत कणीक मळून घेते, भाजी चिरून ठेवते. पाहुणे जेवावयास थांबणारच नाहींत असें मागाहून कळलें, तर चिरलेली भाजी तशीच राहते, एवढेंच. प्रोसेसरहि आज्ञांचा क्रम सोडून पुढचें काम आधीं उरकून ठेवतो, आणि तें काम करावयाचें नव्हतें असें ठरलें तर त्याचा निकाल टाकून देतो. रॉबर्ट टोमासुलो यांनीं आय.बी.एम.च्या यंत्रासाठीं योजलेली अशा कामाची पद्धति १९६७ सालीं प्रसिद्ध झाली. इंटेल कंपनीनें १९९५ सालच्या पेंटियम प्रो या प्रोसेसरांत क्रम सोडून काम करण्याची रीति स्वीकारली, आणि तेव्हांपासून घरोघरच्या संगणकांत ती रूढ झाली.

या दोन्ही उपायांत वाईट तें काय? वेगवेगळे घेतले तर कांहींच नाहीं. दोन्ही एकत्र आले म्हणजे काय होतें, तें एका कचेरीच्या दृष्टांतानें सांगणें सोपें जाईल.

एका मोठ्या कचेरींत खिडकीशीं एक कारकून बसतो. माणूस प्रामाणिक, तोंडाचा घट्ट, पण अतिशय चलाख. वेळ फुकट गेलेला त्याला खपत नाहीं. त्याच्यामागें कपाटांत एक गुप्त वही आहे. ती उघडावयास साहेबांचा हुकूम लागतो, आणि हुकूम येण्यास थोडा वेळ जातो. आवाराच्या दुसऱ्या टोंकाला एक कोठार आहे. त्यांत शून्यापासून दोनशें पंचावन्नपर्यंत क्रमांक घातलेले गठ्ठे आहेत. या गठ्ठ्यांत गुप्त असें कांहीं नाहीं. कोणींहि मागावे, कोणींहि पाहावे. मात्र कोठारांतून गठ्ठा आणावयास पाव तास लागतो. एकदां आणलेला गठ्ठा कारकुनाच्या मेजावर पडून राहतो, आणि पुन्हां कोणीं मागितला तर तो तत्काळ हातांत देतां येतो.

एके दिवशीं खिडकीशीं एक धूर्त अर्जदार येतो. मेजावर एकहि गठ्ठा नाहीं, सारे कोठारांत परत गेले आहेत, याची तो आधीं खात्री करून घेतो. मग अर्ज देतो: “गुप्त वहीच्या अमुक पानावरील पहिला आंकडा पाहावा, आणि त्या क्रमांकाचा गठ्ठा आणवावा.” कारकून अर्ज साहेबांकडे पाठवितो. हुकूम येईपर्यंत स्वस्थ कशाला बसा, म्हणून तो वही उघडतो, आंकडा पाहतो, समजा ८३, आणि शिपायास पिटाळून ८३ क्रमांकाचा गठ्ठा मेजावर आणवितो. इतक्यांत साहेबांचा हुकूम येतो: अर्ज नामंजूर. कारकून वही मिटतो, कुलूप लावतो, आंकडा मनांतून पुसून टाकतो, आणि अर्जदारास सांगतो, “बोवा, तुमचा अर्ज फेटाळला.” त्यानें एक अवाक्षरहि बाहेर जाऊं दिलेलें नाहीं. सर्व पूर्ववत् झालें अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. फक्त ८३ क्रमांकाचा गठ्ठा मेजावर राहिला आहे. तो परत पाठविण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं, कारण त्यांत लपविण्यासारखें आहे काय?

अर्जदार मुकाट्यानें मान डोलावतो. मग तो एकेक गठ्ठा मागूं लागतो. शून्य क्रमांकाचा द्या, पाव तास. एकाचा द्या; पाव तास. ऐंशी, एक्यायशीं, ब्यायशीं, प्रत्येकास पाव तास. त्र्यायशींचा मागितला मात्र, तो एका क्षणांत हातांत येतो. अर्जदारास गुप्त वहींतील आंकडा कळला. संगणकाच्या लिपींत ८३ म्हणजे इंग्रजी मोठें एस हें अक्षर. आतां दुसरा अर्ज, दुसऱ्या आंकड्यासाठीं.

मेल्टडाउन तो हाच. अर्जदार म्हणजे एक सामान्य, अधिकारहीन प्रोग्राम; कारकून म्हणजे प्रोसेसर; गुप्त वही म्हणजे गाभ्याची स्मृति; मेज म्हणजे कॅश. बाइटाला २५६ किंमती संभवतात म्हणून गठ्ठे २५६. प्रत्यक्षांत ते गठ्ठे म्हणजे प्रोग्रामाच्या स्वतःच्याच स्मृतींतील एकमेकांपासून ४०९६ बाइटांच्या अंतरावरील जागा असतात. मेज रिकामें करून मागाहून वेळ मोजण्याची ही युक्ति नवी नव्हती. युव्हाल यारोम व कॅट्रीना फॉकनर यांनीं ती २०१४ सालीं एका प्रबंधांत तपशीलवार मांडली होती. नवें होतें तें हें, कीं परवानगी नाकारली जाण्यापूर्वींच्या त्या निमिषांत प्रोसेसर खरोखरीच गुप्त मजकूर पुढील आज्ञेच्या हातीं देतो, ही गोष्ट. दृष्टांतांत पाव तास म्हटला, यंत्रांत तो काळ सेकंदाच्या एक कोट्यंशाहूनहि कमी भरतो. पण यंत्र मोजणार तेंहि यंत्रच, त्यामुळें दोनशें ठोके आणि चार ठोके यांतला फरक त्याला स्पष्ट दिसतो. संशोधकांच्या प्रबंधांत या रीतीनें सेकंदाला ५०३ किलोबाइटपर्यंत वाचन झाल्याचें नमूद आहे. म्हणजे इंग्रजी दोनअडीचशें पानांचें एक पुस्तक एका सेकंदांत.

या दोषानें गाभ्यांतील एक अक्षरहि बदलतां येत नाहीं, केवळ वाचतां येतें, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. कांहींना त्यामुळें तो सौम्य वाटला. पण परवलीचा शब्द ज्यानें वाचला, त्याला पुढें दार फोडण्याची गरज उरत नाहीं. आणि या वाचनाची खूण सामान्य नोंदवह्यांत कोठेंहि राहत नाहीं. भाड्यानें दिल्या जाणाऱ्या संगणकांवर तर धोका फारच मोठा होता. तेथें एकाच यंत्रावर परस्परांस अनोळखी अशीं अनेक गिऱ्हाइकें नांदत असतात, आणि कित्येक व्यवस्थांत त्या सर्वांचा गाभा एकच असतो. एक बिऱ्हाडकरू भिंतीपलीकडच्या सर्व बिऱ्हाडांचीं पत्रें वाचूं शकेल, अशी ती स्थिति होती.

हा दोष हुडकून काढण्याचा मान एका माणसाचा नाहीं. तीन ठिकाणच्या मंडळींनीं तो स्वतंत्रपणें शोधून कळविला. गूगल कंपनीच्या प्रोजेक्ट झीरो या पथकांतील यान हॉर्न हे त्यांतले एक. वय अवघें बावीस. इंटेलनें आपल्या प्रोसेसरांविषयीं प्रसिद्ध केलेले हजारों पृष्ठांचे ग्रंथ ते वाचीत बसले होते. असले ग्रंथ कोणी वाचीत नाहीं, कपाटांत शोभेला असतात. या तरुणानें ते वाचले, आणि क्रम सोडून केलेल्या कामाचा अवशेष कोठें उरत असेल या प्रश्नाशीं येऊन थांबला. त्यानें १ जून २०१७ रोजीं आपला शोध प्रोसेसर बनविणाऱ्या कंपन्यांना कळविला. दुसरे, जर्मनींतील सायबेरस टेक्नॉलॉजी या संस्थेचे व्हेर्नर हास आणि थॉमस प्रेशर. तिसरें पथक ऑस्ट्रियांतील ग्राट्स येथील तंत्रविद्यापीठाचें: डॅनियल ग्रुस, मोरिट्स लिप, मिखाएल श्वार्त्स आणि स्टेफान मांगार्ड.

ग्राट्सच्या पथकाची हकीकत मोठी विलक्षण आहे. असें कांहीं घडणें शक्य नसावें, असेंच त्यांचेंहि मत होतें. प्रोसेसर बनविणाऱ्यांच्या ध्यानांतून एवढी गोष्ट सुटेल हें कोणाला खरें वाटावें? २०१७ च्या जुलैंत अँडर्स फोग या संशोधकानें याच दिशेनें प्रयत्न करून आपल्याला यश आलें नाहीं, असें प्रामाणिकपणें प्रसिद्ध केलें होतें. अपयशाची अशी जाहीर वाच्यता करणारे लोक थोडे; पण त्या अपयशाच्या टिपणानेंच पुढच्यांना वाट दाखविली. डिसेंबर २०१७ च्या आरंभीं ग्रुस यांनीं घरीं बसून स्वतःच्या संगणकावर प्रयोग केला, आणि पडद्यावर त्यांच्याच फायरफॉक्समधील पत्ते व खासगी मजकूर उमटूं लागला. त्यांचा विश्वास बसेना. लिप व श्वार्त्स यांना त्यांनीं तत्काळ कळविलें; तिघेहि आपापल्या घरीं बसून रात्रभर एकमेकांचे प्रयोग ताडून पाहत होते. शेवटीं संशयाला जागा राहिली नाहीं.

योगायोग असा कीं, या दोषावरचा उपाय ग्राट्सच्या मंडळींनीं दोष सांपडण्याआधींच तयार करून ठेवला होता. गाभ्याची स्मृति नकाशांत कोठें आहे याचा अंदाज चोराला लागूं नये म्हणून ती दर वेळीं निराळ्या जागीं मांडण्याची प्रथा आहे. तो अंदाजहि वेळ मोजून बांधतां येतो असें आढळल्यामुळें त्यांनीं २०१७ च्या मध्यास एक योजना सुचविली: प्रोग्राम चालू असतांना त्याच्या नकाशांत गाभा दाखवूंच नये. तिला त्यांनीं कैसर हें भारदस्त नांव दिलें होतें. तिजोरी दिवाणखान्यांतून उचलून दुसऱ्या इमारतींत हलविण्यासारखें हें होतें. कारकून कितीहि उतावीळ असला तरी जी वही त्याच्या खोलींतच नाहीं, ती तो उघडणार कशी?

सर्वांनीं मिळून ९ जानेवारी २०१८ ही प्रकटीकरणाची तिथि ठरविली होती. उपाय सर्वत्र पोंचेपर्यंत दोष गुप्त ठेवावा हा यांतला हेतु, आणि तो योग्यच होता. पण लिनक्सचें लेखन उघड्यावर चालतें. कोणीहि तें वाचूं शकतो. नाताळच्या सुटींत गाभ्यासारख्या नाजूक भागांत एवढा मोठा फेरफार इतक्या घाईनें कां होत आहे, असा प्रश्न जाणत्यांना पडला. त्यांतच २६ डिसेंबर रोजीं ए.एम.डी. कंपनीच्या एका अभियंत्यानें लिहून टाकलें कीं आमच्या प्रोसेसरांना या फेरफाराची जरूरी नाहीं, कारण अधिकार नसलेल्या स्मृतीला ते अंदाजानेंहि हात लावीत नाहींत. झांकली मूठ अर्धी उघडली. २ जानेवारीस वृत्तपत्रांत बातमी फुटली, आणि दुसऱ्या दिवशीं सर्व कांहीं प्रकट करणें भाग पडलें. मेल्टडाउनबरोबर स्पेक्टर नांवाचें त्याचें भावंडहि त्याच दिवशीं जाहीर झालें. स्पेक्टर अधिक व्यापक आणि निवारण्यास अधिक कठीण आहे. त्याची हकीकत स्वतंत्र भाषणाची आहे. येथें एवढेंच सांगणें पुरे कीं त्याच्या धास्तीनें फायरफॉक्सच्या कर्त्यांनीं वेबपृष्ठांना मिळणारें घड्याळ बुद्धिपुरस्सर भोंगळ केलें. सेकंदाच्या दशलक्ष भागांपैकीं वीस भागांहून सूक्ष्म काळ त्यांना दिसूं नये, अशी ती तजवीज होती. चोराचें मोजमाप बिघडावें म्हणून सर्वांचींच घड्याळें बिघडविण्याचा हा प्रकार पाहून हसावें कीं रडावें, कळत नाहीं.

मेल्टडाउनची बाधा मुख्यतः इंटेलच्या प्रोसेसरांना होती, आणि १९९५ नंतरचे बहुतेक सर्व तींत सांपडले. इटेनियम जातीचे व २०१३ पूर्वींचे ॲटम जातीचे तेवढे वगळावे. ए.आर.एम. कंपनीच्या आराखड्यांतील कॉर्टेक्स ए-७५ हाहि बाधित ठरला. वीस वर्षांहून अधिक काळ हा दोष कोट्यवधि यंत्रांत नांदत होता. इंटेलनें पहिल्या निवेदनांत याला दोष म्हणण्यासच हरकत घेतली, आणि तो आपल्याच मालापुरता नसल्याचेंहि सांगितलें. स्पेक्टरच्या बाबतींत त्यांत तथ्य होतें. मेल्टडाउनच्या बाबतींत तें निवेदन अपुरें होतें. प्रोसेसर आराखड्याबरहुकूम चालत होता हें म्हणणें अक्षरशः खरें आहे. पण घर आराखड्याबरहुकूम बांधलें आणि आराखड्यांत दाराला कडीच नव्हती, तर राहणाऱ्याला त्याचें समाधान तें काय?

अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सर्ट या केंद्रानें तर आरंभीं प्रोसेसरच बदलावा असा सल्ला दिला होता. जगांतले प्रोसेसर काढून ठेवावे तर त्यांच्या जागीं घालावयास निर्दोष प्रोसेसर कोठून आणावयाचे? थोड्याच दिवसांत तो सल्ला बदलण्यांत आला, आणि सर्वांनीं गाभा हलविण्याचा मार्ग धरला. लिनक्सनें कैसर योजना सुधारून पेज टेबल आयसोलेशन या नांवानें स्वीकारली. २८ जानेवारी २०१८ रोजीं प्रसिद्ध झालेल्या ४.१५ या आवृत्तींत ती आहे, आणि जुन्या आवृत्त्यांनाहि ती जोडण्यांत आली. ॲपलनें ६ डिसेंबर २०१७ च्या आवृत्तींतच गाजावाजा न करतां तजवीज करून ठेवली होती. मायक्रोसॉफ्टनें ३ जानेवारीस नित्याच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती पाठविली.

याची किंमत द्यावी लागली. तिजोरी दुसऱ्या इमारतींत नेली म्हणजे प्रत्येक कामास जिना उतरून जाणें आलें. जे प्रोग्राम गाभ्याकडे क्वचित् जातात त्यांना फरक जाणवला नाहीं. जे क्षणोक्षणीं जातात, उदाहरणार्थ मोठमोठ्या माहितीसंग्रहांचे सांभाळकर्ते, त्यांची गति दिसण्याइतकी मंदावली. एपिक गेम्स या खेळ बनविणाऱ्या कंपनीनें दुरुस्तीनंतर आपल्या यंत्रांवरील भार कसा वाढला याचा आलेखच प्रसिद्ध केला. नव्या प्रोसेसरांत प्रत्येक नकाशाला स्वतंत्र बिल्ला देण्याची सोय असल्यामुळें त्यांना त्रास कमी झाला, जुन्यांना अधिक. म्हणजे दोष विकणाऱ्याचा, आणि भुर्दंड गिऱ्हाइकाला, त्यांतहि ज्याच्याकडे जुनें यंत्र त्याला जास्त. हा न्याय संगणकाच्या व्यवहारांतच आहे असें नाहीं, पण येथें तो फार उघडपणें दिसला.

घाईच्या औषधानें एकदां रोगाहून वाईट अवस्था करून ठेवली, तीहि हकीकत सांगण्याजोगी आहे. विंडोज ७ च्या ६४ बिटी आवृत्तीला, आणि तिच्याच जातीच्या सर्व्हर २००८ आर-टू या आवृत्तीला, जानेवारी २०१८ मध्यें जी दुरुस्ती मिळाली तींत एक खूण चुकीची पडली. नकाशांचाहि एक मूळ नकाशा असतो. त्याच्या नोंदीपुढें “केवळ गाभ्याचें” या खुणेऐवजीं “सर्वांना मोकळें” अशी खूण गेली. एवढी एक खूण. परिणाम असा झाला कीं कोणत्याहि सामान्य प्रोग्रामाला यंत्राची सारी स्मृति, कोणतीहि युक्ति न लढवितां, वेळ न मोजतां, सरळ वाचतां येऊं लागली. एवढेंच नव्हे, तींत लिहितांहि येऊं लागलें. मेल्टडाउनला निदान प्रत्येक बाइटासाठीं खटपट करावी लागे. स्वीडनमधील उल्फ फ्रिस्क या संशोधकानें ही गोष्ट उघडकीस आणून तिला टोटल मेल्टडाउन असें नांव दिलें, आणि मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्यें ती दुरुस्त केली. दोन महिने लोक दार लावलें आहे या समजुतीनें निश्चिंत होते, आणि दार सताड उघडें होतें.

पुढें इंटेलनें प्रोसेसराची घडणच सुधारली. २०१८ च्या अखेरीपासून निघालेल्या कांहीं व त्यानंतरच्या नव्या प्रोसेसरांत परवानगी नसलेला मजकूर पुढील आज्ञेच्या हातीं पडत नाहीं, आणि त्यांना नकाशे वेगळे ठेवण्याची गरज राहिली नाहीं. परंतु एकदां वाट दिसल्यावर तींतून जाणारे थांबत नाहींत. ऑगस्ट २०१८ मध्यें फोरशॅडो, मे २०१९ मध्यें झोंबीलोड आणि त्याचे सोबती, असे त्याच कुळांतले आणखी दोष बाहेर आले. प्रत्येकांत कारकून तोच, त्याची उतावीळहि तीच. फक्त मेजाचा कोपरा निराळा.

ज्यांच्या घरीं लिनक्स चालविणारें यंत्र आहे त्यांना आपल्या यंत्राची स्थिति विचारतां येते. जानेवारी २०१८ पासून गाभ्यानेंच तशी सोय केली आहे. त्याच्या माहितीच्या कप्प्यांत व्हल्नरेबिलिटीज, म्हणजे वैगुण्यें, या नांवाचा एक खण असतो, आणि त्यांत प्रत्येक ज्ञात दोषाच्या नांवाची एकेक फाइल. मेल्टडाउन नांवाची फाइल उघडली कीं तींत एकच ओळ सांपडते. नव्या प्रोसेसरावर ती सांगते कीं या यंत्रास बाधा नाहीं; जुन्यावर बहुधा एवढेंच लिहिलेलें असतें, कीं नकाशे वेगळे ठेवून निवारण केलें आहे.